टीबीचे भाऊबंद

एकदा टीबी होऊन गेलेल्या माणसाची छाती पुन्हा बिघडली, की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं: 'टीबी उलटला.' घरचे म्हणतात, शेजारपाजारचे म्हणतात आणि गर्दीच्या ओपीडीत बसलेले डॉक्टरही पुष्कळदा तेच म्हणतात. बऱ्याच वेळा ते खरंही असतं. आपल्याकडे टीबी अजून इतका आहे, की जुन्या खोकल्यामागे आधी त्यालाच धरावं यात काहीच गैर नाही. माझं म्हणणं एवढंच, की धरल्यावर तो तोच आहे ना, याची खात्री व्हायला हवी. माझ्या बाबतीत ती व्हायला फार उशीर झाला, आणि तोवर मी भलत्याच जंतूच्या गोळ्या खात होते.

मला टीबी झाला १९८३ साली, कॉलेजात असताना. इंजेक्शनं, गोळ्या, रोज दूध आणि अंडं. बरी झाले, बँकेत लागले, लग्न झालं, मुलं झाली. पण उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग कायमचा आक्रसला आणि तिथल्या श्वासनळ्या सैल पडून फुगून राहिल्या. याला ब्राँकायक्टेसिस म्हणतात. निरोगी श्वासनळी आतला कफ सतत वर ढकलत असते. माझ्या त्या भागातल्या नळ्यांना ते जमत नाही. कफ तिथेच साचतो आणि साचलेल्या कफात जंतू मुक्कामाला येतात. भारतातल्या ब्राँकायक्टेसिसच्या २,१९५ रुग्णांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या ३५.५ टक्के लोकांना हा आजार जुन्या टीबीमुळे जडलेला होता. म्हणजे माझ्यासारखे गावोगाव आहेत, फक्त बहुतेकांना आपल्या दुखण्याचं नाव माहीत नसतं. 'पूर्वी टीबी होता, छाती नाजूक आहे' एवढ्यावर भागवतात.

नेहमीचं बिघडणं मला पाठ होतं. पावसाळा लागला किंवा थंडी वाढली, की पांढरा बेडका हिरवा व्हायचा, ताप यायचा, डॉक्टर अँटिबायोटिक द्यायचे आणि आठवडा-दहा दिवसांत मी कामाला लागायचे. या खेपेला तसं नव्हतं. ताप असा नाहीच, संध्याकाळी नुसती कणकण. अन्नावरची वासना गेली. ब्लाउज आत घालून शिवायची वेळ आली. अँटिबायोटिक घेतलं की अर्धंमुर्धं बरं वाटायचं, कोर्स संपला की पुन्हा तेच. एका सकाळी बेसिनमध्ये बेडक्यात लालसर तार दिसली. हे सगळं इतकं हळू चाललं होतं, की रोज बघणाऱ्यांच्या लक्षातच आलं नाही. दिवाळीला आलेली धाकटी बहीण मात्र दारातूनच म्हणाली, "ताई, अगं किती वाळलीस!"

म्हणून जुनं छातीचं दुखणं असलेल्या कुणालाही मी पहिली गोष्ट सांगते ती वजनाची. महिन्याच्या एक तारखेला वजन करा आणि कॅलेंडरच्या पानावर लिहा. अशा माणसाची तब्येत खालीवर होतच असते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण वर येणं बंद झालं आणि नुसतं खालीच चाललंय असं दिसलं, तर त्याच अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स मागू नका. आत कुणीतरी नवं आलंय का, ते तपासा.

इथे बायकांसाठी थोडं आडवळण घेते. १९९२ साली दोन अमेरिकी डॉक्टरांनी एक तर्क मांडला होता. पूर्वी छातीचा काहीही आजार नसलेल्या काही वयस्क बायकांच्या फुप्फुसात, आणि तेही ठरावीक भागात, टीबीचे भाऊबंद असलेले जे जंतू सापडतात (त्यांची ओळख पुढे येईलच), त्याचं कारण चारचौघांत खोकला दाबून धरायची सवय तर नसेल? त्यांनी या प्रकाराला ऑस्कर वाइल्डच्या नाटकातल्या लेडी विंडरमियरचं नाव दिलं. गंमत म्हणजे ती बाई नाटकात खोकतच नाही. तर्कही पुढे कुणी सिद्ध केला नाही. तरी मला तो पटतो, कारण बँकेच्या काउंटरवर समोर रांग असताना आलेला खोकला मी वर्षानुवर्षं गिळला आहे. लग्नात, मयताला, पाहुण्यांपुढे, बसमध्ये. कफ बाहेर काढायचा असतो, आणि आपण तो आत ठेवण्यालाच चांगली वागणूक समजतो.

तर थुंकीची तपासणी झाली. ती नीट कशी द्यायची हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्याआधी. तोंड नळाच्या पाण्याने न धुता उकळून गार केलेल्या पाण्याने खळखळून धुवायचं. का, ते पुढे कळेल. मग गच्चीवर किंवा उघड्या खिडकीशी उभं राहून दोन-तीन खोल श्वास घ्यायचे, शेवटचा क्षणभर रोखायचा आणि छातीच्या तळापासून खोकायचं. डबीत फेसाळ लाळ पडली तर ती फुकट. दाट, पिवळट, चिकट काहीतरी पडायला हवं. येतच नसेल, तर दवाखान्यात खारट पाण्याची वाफ देऊन काढून घेतात. तसं मागायला लाजू नका.

रिपोर्ट आला: एएफबी टू प्लस. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळ जंतू दिसले. या तपासणीत कफाला लाल रंग चढवतात आणि मग आम्लाने धुतात. बाकीच्या जंतूंचा रंग उतरतो, टीबीच्या जंतूचा उतरत नाही. अडचण अशी, की हा गुण त्याच्या एकट्याचा नाही. मायकोबॅक्टेरियम नावाचं जे खटलं आहे, त्यात जवळजवळ दोनशे प्रकार आहेत आणि त्या सगळ्या भाऊबंदांचा रंग असाच टिकतो. टीबी आणि कुष्ठरोग सोडले, तर बाकीचे बहुतेक मातीत आणि पाण्यात राहणारे. आपण रोज त्यांना श्वासातून घेतो, पाण्यातून पितो आणि धडधाकट माणसाला त्याचं काही होत नाही. डॉक्टर मंडळी या सगळ्यांना मिळून एनटीएम म्हणतात. सूक्ष्मदर्शक घराणं दाखवतो. त्यातला नेमका कोण, ते दाखवत नाही.

त्याच डबीतल्या कफाची सीबीनॅट तपासणीही झाली होती. ती जनुकं बघते आणि फक्त टीबीच्याच जंतूला ओळखते. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट यंत्रही हेच काम करतं. आता पुष्कळ केंद्रांत यातलं एखादं असतं. सीबीनॅटचा रिपोर्ट होता: एमटीबी नॉट डिटेक्टेड. टीबीचा जंतू नाही.

एकाच कागदाच्या दोन ओळी, आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध. इथे जरा थांबून विचार करायला हवा होता. सूक्ष्मदर्शकाला जंतू दिसायचा, तर एक मिलिलिटर कफात ते हजारोंनी असावे लागतात. सीबीनॅटला शे-दीडशे पुरतात. मग जिथे डोळ्यांना पुष्कळ दिसतात, तिथे त्याहून कितीतरी तीक्ष्ण यंत्राला टीबीचा एकही सापडत नाही, याचा सरळ अर्थ काय? जे दिसतात ते टीबीचे नसावेत. पण मला सांगण्यात आलं, "मशीन कधीकधी चुकतं हो. तुमची जुनी हिस्टरी आहे, उगाच वेळ नको घालवायला." यंत्र चुकतं हे खरं आहे. म्हणून तपासणी पुन्हा करतात. माझी केली नाही.

टीबीचं औषध सुरू झालं. वजन बघून ठरवलेल्या गोळ्या, सरकारच्या 'निक्षय' पोर्टलवर नोंद, घरी आशाताईंची फेरी. त्या बिचाऱ्या फार चांगल्या. घरातल्या सगळ्यांची चौकशी करून गेल्या. पण घरात जे व्हायचं ते झालंच. सूनबाईला तेव्हा दिवस गेलेले. कुणी काही बोललं नाही, पण माझं ताट-वाटी-भांडं आपोआप वेगळं झालं, आणि मीही ते स्वतःच घासून वरच्या फळीवर ठेवायला लागले. चुकीच्या निदानाची ही किंमत कुठल्याही बिलात दिसत नाही. एनटीएम माणसापासून माणसाला सहसा लागत नाही. सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार असलेल्या रुग्णांत काही ठिकाणी तसा संशय आला आहे, तो सोडा. सासूने सुनेपासून आणि आजीने नातवंडापासून लांब राहण्याचं काही कारण नव्हतं.

आणखी एक चकवा होता. औषध सुरू झाल्यावर मला थोडं बरं वाटलं. त्या गोळ्यांमधल्या रिफाम्पिसिन आणि इथाम्ब्युटॉल या दोन औषधांचा माझ्या जंतूवरही थोडाफार परिणाम होतो, म्हणून. त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली. 'बघा, लागू पडलं.' पण थोडं बरं वाटून गाडी तिथेच अडली. महिने गेले तरी थुंकीत जंतू दिसतच राहिले, आणि मग दुसरा शब्द ऐकू यायला लागला: एमडीआर. औषधांना न जुमानणारा टीबी. त्याच्या तपासणीसाठी कफ पाठवला, तर एलपीए नावाच्या त्या चाचणीचा रिपोर्ट 'इनव्हॅलिड' आला. त्या पट्टीवर टीबीच्या जंतूची म्हणून एक रेघ उमटावी लागते. ती उमटलीच नाही, तर पुढचं काही वाचता येत नाही. म्हणजे दुसऱ्यांदा पुरावा हातात आला होता, आणि तोही 'सँपल खराब असेल' म्हणून बाजूला पडला.

मुलगा मला पुण्याला छातीच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी स्टेथोस्कोप नंतर लावला. आधी फाइलमधले सगळे कागद टेबलावर तारखांप्रमाणे मांडले, सीटी स्कॅनची फिल्म उजेडात धरली आणि विचारलं, "मावशी, कल्चर कुठाय?"

ते नव्हतंच. जंतू खुराकावर वाढवून बघायची तपासणी म्हणजे कल्चर. टीबीच्या घराण्यातले जंतू फार सावकाश वाढतात. द्रव माध्यमात वाढवून 'नाही' असं छातीठोक सांगायला ४२ दिवस वाट बघावी लागते. रुग्णाला एवढा धीर नसतो आणि डॉक्टरपुढे खोकणारा माणूस बसलेला असतो, हे मला समजतं. पण औषध सुरू करून बाजूला कल्चर लावून ठेवायला कुणाची आडकाठी असते? या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहिते आहे. जुनं छातीचं दुखणं, थुंकीत जंतू, सीबीनॅटमध्ये टीबी नाही, असं ज्यांच्या कागदावर असेल, त्यांनी डॉक्टरांना स्वच्छ शब्दांत विचारावं: कल्चर लावलंय का? वाढलेल्या जंतूची ओळख पटवून आमच्या हातात त्याचं नाव मिळेल का?

वेगवेगळ्या दिवशीचे कफाचे नमुने गेले. जंतू वाढला. टीबीचाच तो आहे का, हे सांगणारी एमपीटी-६४ नावाची झटपट चाचणी असते, ती निगेटिव्ह आली. मग जनुकीय तपासणीत नाव कळलं: मायकोबॅक्टेरियम इंट्रासेल्युलारे. एव्हियम नावाच्या भावाबरोबर त्याची मोट बांधून डॉक्टर दोघांना 'मॅक' म्हणतात.

नाव कळलं आणि मला वाचायचा नाद लागला. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या रोम गावी बॅटी नावाचं टीबीचं मोठं रुग्णालय होतं. १९५०च्या दशकात तिथल्या काही रुग्णांच्या कफात टीबीसारखाच दिसणारा, पण वेगळा जंतू सापडला. पुष्कळ वर्षं त्याला बॅटीचा जंतूच म्हणत. तोच हा माझा. म्हणजे टीबीचे रुग्ण म्हणून भरती झालेल्यांत हे भाऊबंद लपलेले असतात, ही काही कालची बातमी नाही. आपल्याकडेही त्यांचा वावर जुना आहे. तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ साली बीसीजी लशीची फार मोठी चाचणी सुरू झाली. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाचा टीबी त्या लशीने रोखला नाही. असं का, याचं एक स्पष्टीकरण दिलं गेलं ते असं, की तिथल्या मातीपाण्यात हे जंतू इतके, की लोकांच्या शरीराला त्यांची ओळख आधीच झालेली असते आणि लशीला वेगळं काही शिकवायला उरत नाही. ज्या देशाच्या मातीत हे इतके आहेत, तिथे ते एखाद्याच्या छातीत सापडले तर नवल कसलं?

पण नाव सापडलं म्हणजे लगेच औषध, असंही नाही, आणि ही गोष्ट पहिल्याइतकीच महत्त्वाची आहे. हे जंतू नळाच्या पाण्यातही असतात. तोंड नळाच्या पाण्याने धुवून कफ दिला, तर पाण्यातलाच जंतू प्रयोगशाळेत वाढू शकतो. एखाद्या वेळी तो आपल्या श्वासनळीत चार दिवस राहून निघूनही जातो. म्हणून तीन गोष्टींचा मेळ बसावा लागतो. त्रास असला पाहिजे, सीटी स्कॅनमध्ये त्याला साजेसे बदल दिसले पाहिजेत आणि निदान दोन वेगवेगळ्या नमुन्यांत तोच जंतू वाढला पाहिजे, किंवा दुर्बीण घालून काढलेल्या नमुन्यात एकदा. तिन्ही असूनही एखाद्याचा आजार सौम्य असेल, तर डॉक्टर काही महिने नुसतं लक्ष ठेवू म्हणतात. अशा वेळी 'औषधच दिलं नाही' म्हणून डॉक्टर बदलू नका. माझ्यासारख्याचं वेगळं होतं. थुंकीत नुसत्या सूक्ष्मदर्शकाखालीही इतके जंतू दिसत असताना थांबण्यात अर्थ नव्हता.

अमेरिका आणि युरोपातल्या चार वैद्यकीय संस्थांनी २०२० साली मिळून जे मार्गदर्शन केलं, त्याप्रमाणे मॅकवर तीन औषधं एकत्र देतात: अ‍ॅझिथ्रोमायसिन, रिफाम्पिसिन आणि इथाम्ब्युटॉल. फुप्फुसात पोकळी नसेल तर आठवड्यातून तीन दिवस. पोकळी असेल किंवा आजार जोरात असेल तर रोज, आणि सुरुवातीला अमिकासिनची इंजेक्शनंसुद्धा. आणि किती काळ? कल्चरमध्ये जंतू वाढणं बंद झाल्यापासून पुढे निदान बारा महिने. घेतल्या दिवसापासून मोजायचं नाही. हे ऐकून मी खुर्चीतच बसून राहिले. टीबीची औषधं सरकारी केंद्रातून फुकट मिळत होती. ही मला दुकानातून घ्यावी लागली, तेव्हा खर्चाचा विचार पहिल्या दिवशीच करून ठेवा.

अ‍ॅझिथ्रोमायसिनबद्दल कळकळीने सांगते. आपल्याकडे हे औषध शेंगदाण्यासारखं खाल्लं जातं. घसा दुखला, घ्या. खोकला झाला, मेडिकलवाला तीन गोळ्या कापून देतो. ब्राँकायक्टेसिस आणि दम्याच्या काही रुग्णांना वारंवार त्रास होऊ नये म्हणून ते आठवड्यातून तीनदा, महिनोन्महिने देण्याचीही पद्धत आहे, आणि त्याचा उपयोगही होतो. पण मॅकवरच्या उपचाराचा सगळा डोलारा याच एका औषधावर उभा आहे. छातीत मॅक असताना हे एकटंच देत राहिलं, तर जंतू त्याला सरावतो, आणि मग पुढचा उपचार फार अवघड होऊन बसतो. म्हणून असं लांबलचक अ‍ॅझिथ्रोमायसिन कुणी लिहून दिलं, तर सुरू करण्याआधी थुंकीचं कल्चर करून घेऊ का, हे विचाराच. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

औषधांचा त्रास होतो. रिफाम्पिसिनने लघवी भगवी होते, तिला घाबरायचं नाही. पण ते रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या आणि इतर बऱ्याच गोळ्यांचा जोर कमी करतं. चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांपुढे ठेवा, आयुर्वेदिकसुद्धा. इथाम्ब्युटॉल डोळ्यांच्या नसेवर परिणाम करू शकतं. पहिली खूण पुष्कळदा रंगांत दिसते, लाल-हिरवा फिका वाटायला लागतो. मी उपचार सुरू होण्याआधी डोळे तपासून घेतले आणि मग रोज सकाळी एकेक डोळा झाकून देवघरातलं कुंकू आणि तुळशीची पानं बघायचे. ही माझी आपली घरगुती युक्ती. डोळ्यांच्या डॉक्टरांकडची तपासणी ती नव्हे, तीही ठरल्याप्रमाणे करतच होते. अ‍ॅझिथ्रोमायसिनने पोट बिघडतं, कानात आवाज येऊ शकतो, आणि हृदयाचा त्रास असलेल्यांचा आधी ईसीजी काढतात.

माझा जंतू तसा नेमस्त. याच घराण्यातला अ‍ॅबसेसस फार चिवट असतो. प्रयोगशाळेत सुरुवातीला अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या जातीच्या औषधाला तो मान तुकवल्यासारखा दिसतो आणि चौदा दिवस ठेवून पाहिलं की उलटलेला निघतो. त्याला शिरेतून औषधं लागतात, कधी शस्त्रक्रियाही. 'एनटीएम आहे' एवढ्यावर थांबू नका, त्यातला कुठला ते विचारा, असं मी म्हणते ते यासाठीच.

आता घरातलं. हा जंतू मला कुठून लागला, हे कुणीच सांगू शकत नाही आणि मी शोधायचं सोडून दिलं. माझी गच्चीवर बाग आहे. गांडूळखत, कोकोपीट, पालापाचोळा सगळं मी हातानेच कालवायचे. अमेरिकेत कुंडीच्या मातीतला आणि रुग्णाच्या कफातला जंतू एकाच वाणाचा निघाल्याची उदाहरणं आहेत. नळाच्या पाइपात आतून जो बुळबुळीत थर धरतो, त्यात हे जंतू मजेत राहतात. क्लोरीनला ते फारसं जुमानत नाहीत. शॉवरची चाळणी हे तर त्यांचं लाडकं ठिकाण. घरी फिल्टर बसवला की काम झालं, असंही नाही. कार्बनच्या फिल्टरमध्ये ते उलट वाढू शकतात.

मी जे केलं ते सांगते. शॉवर बंद, बादली-तांब्या सुरू, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार श्वासात जात नाहीत. न्हाणीघराची खिडकी उघडी. गिझरचं पाणी ५५ अंशांच्या वर तापेल असं ठेवलं आणि ते बादलीतच गार पाणी मिसळून वापरते. घरात लहान मूल असेल तर भाजण्याची काळजी आधी. बाग सोडली नाही. माती आधी भिजवून घेते, धूळ उडू देत नाही, मास्क लावते आणि पोतं रिकामं करायचं काम मुलावर सोपवलंय. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नेब्युलायझर. त्यात नळाचं, फिल्टरचं, बाटलीचं कुठलंच पाणी घालायचं नाही, फक्त मेडिकलमधलं निर्जंतुक सलाइन. त्याची वाटी आणि मास्क रोज धुवून, वाटी कंपनीने चालेल म्हटलं असेल तर दहा मिनिटं उकळून, पूर्ण कोरडी करून ठेवायची. माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांत ती वाटी ओली तशीच डब्यात जाते.

याहून जास्त सोवळं मी करत नाही. पाण्याला घाबरून जगता येत नाही, आणि मातीत, पाण्यात जे सगळीकडे आहे ते घराबाहेर काढता येत नाही. कफ रोजच्या रोज बाहेर काढणं त्याहून जास्त उपयोगाचं. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला प्रकार मी सकाळ-संध्याकाळ करते: खोल श्वास, मग आरशावर वाफ धरावी तसा 'हाफ' करत जोराचा उच्छ्वास. त्याआधी खारट सलाइनची वाफ. आणि खाणं. या आजारात वजन घसरलेल्यांचं लवकर बिघडतं. शेंगदाण्याचा लाडू, दही, अंडं, जे पोटाला मानवेल ते. रात्री जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, कारण पोटातलं आंबट वर येऊन श्वासनळीत गेलं, तर छातीचं दुखणं आणखी वाढतं.

याबरोबर आणखी दोन जंतूंची नावं लक्षात ठेवावीत असं वाटतं, कारण तेही मातीतलेच. एक नोकार्डिया. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या बराच काळ घेणाऱ्यांना हा गाठतो. त्याचाही रंग आम्लात पूर्ण उतरत नाही, त्यामुळे तोही टीबी म्हणून खपतो. नेहमीचं कल्चर दोन दिवसांत फेकून दिलं तर तो हाती लागत नाही. प्रयोगशाळेला 'जास्त दिवस ठेवा' असं सांगावं लागतं. औषध मात्र जुनं, स्वस्त सल्फाचं, को-ट्रायमोक्साझोल, महिनोन्महिने. हा मेंदूतही शिरतो, म्हणून डोक्याचा स्कॅन करायला सांगितला तर टाळू नका. दुसरा मेलिऑइडोसिसचा, बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय. पावसाळ्यात चिखलात, भाताच्या खाचरात काम करणाऱ्या मधुमेही माणसाला होतो. कर्नाटकच्या किनारपट्टीवर याचे रुग्ण नेहमी सापडतात, तेव्हा आपल्या कोकणातल्या मंडळींनी कान उघडे ठेवावेत. तोही छातीत टीबीचं सोंग घेतो आणि प्रयोगशाळेत कधी साधा स्यूडोमोनास म्हणून बाजूला पडतो. अशा वेळी डॉक्टरांना आपण शेती करतो, बाग करतो, चिखलात उतरतो, साखर आहे, स्टेरॉइड चालू आहे, हे न विचारताही सांगावं. फॉर्मवर त्याचा रकाना नसतो.

माझी कल्चर निगेटिव्ह यायला लागली आणि त्यानंतरचं वर्षही पार पडलं. वजन बरंचसं भरून आलं. उजव्या फुप्फुसाचा तो जुना कोपरा आहे तसाच आहे. तो काही बदलायचा नाही. सगळे रिपोर्ट तारखांप्रमाणे एका फाइलमध्ये आहेत आणि वरच्या पानावर मोठ्या अक्षरात जंतूचं पूर्ण नाव लिहिलंय. रात्री-अपरात्री कुठल्याही दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर पुन्हा 'टीबी उलटला'पासून सुरुवात व्हायला नको.

औषधं थांबली म्हणून थुंकी तपासणं थांबवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. पुन्हा झालं, तर पुष्कळदा तो जुना जंतू नसतो, मातीपाण्यातून नव्याने आलेला असतो. तेव्हा काही महिन्यांनी एकदा डबी जाते. फॉर्मवर 'एएफबी कल्चर, वाढल्यास प्रकार ओळखून कळवणे' असं डॉक्टरांकडून लिहून घेते, आणि काउंटरवरच्या मुलाकडून ते मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय पावती घेत नाही.